बंधुत्वाची परिभाषा आणि राष्ट्राची पायाभरणी : फ्रीमेसनरी व अमेरिकन प्रजासत्ताक

१. प्रश्नाचे स्वरूप

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या स्थापनेत फ्रीमेसनरीचा वाटा किती, हा प्रश्न गेली दोन शतके सातत्याने विचारला जात आहे. तो उपस्थित होण्यास सबळ कारणेही आहेत. बेंजामिन फ्रँकलिन, जॉर्ज वॉशिंग्टन, जॉन हॅनकॉक, जोसेफ वॉरन, पॉल रिव्हिअर ही स्वातंत्र्ययुद्धातील अग्रगण्य मंडळी लॉजची सभासद होती. ३० एप्रिल १७८९ रोजी वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्क येथे अध्यक्षपदाची पहिली शपथ घेतली, त्या वेळी त्यांनी ज्या बायबलवर हात ठेवला ते सेंट जॉन्स लॉजच्या मालकीचे होते. शपथ देणारे चॅन्सेलर रॉबर्ट लिव्हिंग्स्टन हे न्यूयॉर्कच्या ग्रँड लॉजचे ग्रँड मास्टर होते. पुढे १८ सप्टेंबर १७९३ रोजी कॅपिटॉलची, म्हणजे राष्ट्राच्या विधिमंडळगृहाची, कोनशिला बसविण्यात आली तीही फ्रीमेसन विधीनेच.

या घटनांवरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले गेले. फ्रीमेसनरीच्या चाहत्यांनी प्रजासत्ताक हे लॉजचे अपत्य ठरविले. तिच्या वैऱ्यांनी त्याच प्रजासत्ताकामागे एका गुप्त मंडळीचा कट पाहिला. वरवर पाहता हे दोन पक्ष एकमेकांचे शत्रू आहेत. परंतु दोघांचे गृहीतक एकच आहे : प्रभाव म्हणजे सभासदांची यादी, आणि यादी जितकी लांब तितका प्रभाव मोठा.

हे गृहीतक टिकणारे नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. फ्रीमेसनरीने अमेरिकेस राज्यघटना दिली नाही, स्वातंत्र्याचा जाहीरनामाही दिला नाही. तिने दिली ती एक परिभाषा आणि एक विधिसंच : रक्ताच्या नात्याने नव्हे, तर स्वेच्छेने व नियमबद्ध रीतीने स्वीकारलेल्या बंधुत्वाची परिभाषा, आणि ते बंधुत्व चारचौघांत प्रकट करण्याचे विधी. अशा परिभाषेचे सामर्थ्य ती कोणी निर्माण केली यावरून कळत नाही. ती कोणी, कोणत्या प्रसंगी आणि कोणाविरुद्ध वापरली यावरून कळते. या दृष्टीने पाहिल्यास या विषयातील मध्यवर्ती व्यक्ती वॉशिंग्टन ठरत नाही. ती ठरते बॉस्टनमधील एक कृष्णवर्णीय कारागीर, प्रिन्स हॉल.

२. लॉजची घडण आणि तिचा मूलग्रंथ

फ्रीमेसनरीची पूर्वपीठिका ब्रिटनमधील गवंडी व पाथरवट यांच्या व्यवसायसंघांत सापडते. सतराव्या शतकात या संघांत प्रत्यक्ष दगडकाम न करणारे गृहस्थही प्रवेश घेऊ लागले. अठराव्या शतकाच्या प्रारंभी व्यवसाय मागे पडला आणि व्यवसायाची परिभाषा तेवढी उरली. गुण्या हे सरळ आचरणाचे प्रतीक झाले, पाणसळ हे समतेचे आणि ओळंबा हे सचोटीचे. ओबडधोबड दगड म्हणजे संस्कारहीन मन आणि घडीव चिरा म्हणजे संस्कारित मन. ईश्वराला ‘विश्वाचा महान शिल्पकार’ म्हटले जाऊ लागले. हातांनी करावयाच्या श्रमाचे असे नैतिक रूपकात रूपांतर होणे, ही या संस्थेच्या इतिहासातील पहिली वाङ्मयीन घटना होय.

लंडनची ग्रँड लॉज १७१७ साली स्थापन झाली असे परंपरा सांगते. अलीकडच्या काही संशोधकांनी हा काळ १७२१ च्या सुमारास आणला आहे. १७२३ साली स्कॉटिश धर्मोपदेशक जेम्स अँडर्सन यांनी संपादिलेला घटनाग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. याच ग्रंथाचे पुनर्मुद्रण १७३४ साली फिलाडेल्फिया येथे फ्रँकलिन यांनी केले. अमेरिकेत छापलेले ते पहिले फ्रीमेसन पुस्तक होय. फ्रँकलिन १७३१ साली लॉजमध्ये दाखल झाले होते आणि पुनर्मुद्रणाच्या वर्षी ते पेन्सिल्व्हेनियाचे ग्रँड मास्टर होते.

अँडर्सनच्या ग्रंथातील ‘चार्जेस’, म्हणजे सभासदांस उद्देशून केलेले कर्तव्योपदेश, येथे विशेष महत्त्वाचे आहेत. त्यांतील चार मुद्दे पुढील विवेचनास आवश्यक आहेत. पहिला, धर्मविषयक : ज्या धर्माबाबत सर्व माणसांचे एकमत होऊ शकेल तेवढाच सभासदावर बंधनकारक असून विशिष्ट मते ज्याची त्याच्याकडे राहावीत. दुसरा, राज्यसत्तेविषयक : सभासदाने शांतताप्रिय प्रजाजन असावे, कटकारस्थानांपासून दूर राहावे, मात्र एखादा बंधू राजद्रोही ठरला तरी केवळ त्या कारणास्तव त्याचे लॉजशी असलेले नाते तुटत नाही. तिसरा, योग्यतेविषयक : लॉजमधील पदे व्यक्तीच्या गुणांवरच मिळावीत. चौथा मुद्दा प्रवेशाच्या पात्रतेचा. सभासद सज्जन, प्रौढ आणि ‘जन्मतः मुक्त’ असला पाहिजे. गुलामांना आणि स्त्रियांना प्रवेश नाही.

तिसऱ्या व चौथ्या मुद्द्यांतील विसंगती उघड आहे. आत आल्यावर जन्माला किंमत नाही. परंतु आत येण्यासाठीच जन्माची अट आहे. गुणांवर आधारलेल्या समतेच्या दाराशी जन्मावर आधारलेला पहारा उभा आहे. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर, १८४७ साली, इंग्लंडच्या ग्रँड लॉजने ‘जन्मतः मुक्त’ या शब्दांच्या जागी ‘मुक्त मनुष्य’ असे शब्द घातले. मधल्या सव्वाशे वर्षांत या एका शब्दाने अनेकांना दाराबाहेर ठेवले.

ग्रंथाइतकेच महत्त्व लॉजच्या नित्य व्यवहाराला आहे. सभासद मतदानाने निवडावेत, पदाधिकारी ठराविक मुदतीसाठी निवडावेत, इतिवृत्त लिहावे, नियमभंगाचा निवाडा नियमानुसारच करावा, या गोष्टी तेथे अंगवळणी पडत. मार्गारेट जेकब यांनी १९९१ सालच्या आपल्या ग्रंथात युरोपातील लॉजेसचा विचार घटनात्मक स्वशासनाच्या शाळा म्हणून केला आहे. अमेरिकेसंबंधी हे मत स्वीकारताना मात्र तारतम्य ठेवावे लागते. फ्रान्समधील सामान्य गृहस्थाला मतदानाचा अनुभव लॉजखेरीज क्वचितच मिळत असे. अमेरिकन वसाहतींत मात्र प्रातिनिधिक सभा, नगरसभा आणि धर्मसंघांच्या सभा आधीपासून होत्या. तेथे लॉज ही अनेक शाळांपैकी एक होती.

३. नामावळीची मर्यादा

आता सभासदांच्या यादीकडे वळता येईल. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर छप्पन्न जणांनी सह्या केल्या. त्यांपैकी फ्रीमेसन असल्याचा भरवशाचा पुरावा आहे तो आठ-नऊ जणांचा. १७८७ च्या राज्यघटनेवर सह्या करणाऱ्या एकोणचाळीस प्रतिनिधींपैकी ही संख्या तेराच्या आसपास भरते. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे टॉमस जेफर्सन लॉजचे सभासद असल्याचा पुरावा नाही. जॉन ॲडम्स सभासद नव्हते. ज्यांच्या पत्रकांनी लोकमत पेटविले त्या टॉमस पेन यांच्या सभासदत्वाचाही पुरावा उपलब्ध नाही, जरी फ्रीमेसनरीच्या उगमावर त्यांनी निबंध लिहिला होता आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

शिवाय बंधू दोन्ही पक्षांत होते. न्यूयॉर्कचे प्रांतिक ग्रँड मास्टर सर जॉन जॉन्सन राजनिष्ठ राहिले आणि इंग्लंडच्या बाजूने लढले. मोहॉक जमातीचे नेते जोसेफ ब्रँट यांनी १७७६ साली लंडनमध्ये फ्रीमेसनरीची दीक्षा घेतली आणि तेही ब्रिटिशांच्या बाजूने रणांगणात उतरले. ब्रिटिश पलटणींबरोबर फिरत्या लॉजेस होत्या, तशाच त्या क्रांतिकारकांच्या सैन्यातही होत्या.

बॉस्टनचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. तेथील सेंट अँड्र्यूज लॉजने १७६४ साली ‘ग्रीन ड्रॅगन’ नावाची खानावळ विकत घेतली. तेथे लॉजच्या सभा भरत, तशाच क्रांतिकारक मंडळांच्या बैठकीही होत. वॉरन आणि रिव्हिअर हे दोघेही याच लॉजचे. डिसेंबर १७७३ मधील चहा समुद्रात फेकण्याची घटना लॉजनेच घडवून आणली अशी आख्यायिका यातून जन्मली. वास्तविक एकाच छताखाली दोन संस्था भरत होत्या आणि काही माणसे दोन्हींत होती, इतकेच येथे सिद्ध होते. मात्र हे ‘इतकेच’ उपेक्षणीय नाही. स्टीव्हन बुलक यांनी १९९६ सालच्या आपल्या अभ्यासात दाखविल्याप्रमाणे, शतकाच्या मध्यापर्यंत लॉज ही किनारपट्टीवरील प्रतिष्ठितांची मिरासदारी होती. त्यानंतर ‘एन्शंट’ या शाखेच्या लॉजेस कारागीर व छोटे व्यापारी यांना खुल्या झाल्या. रिव्हिअर हे चांदीकाम करणारे कारागीर आणि वॉरन हे वैद्य. अशा दोन थरांतील माणसे परस्परांस बंधू म्हणून संबोधीत, त्या संबोधनाची सवय राजकीय चळवळीस पूरक ठरली.

राष्ट्रमुद्रेवरील अपुरा पिरॅमिड आणि त्यावरील डोळा यांवरही बरेच लिहिले गेले आहे. ही मुद्रा २० जून १७८२ रोजी संमत झाली. डोळ्याची कल्पना १७७६ साली पिएर द्यु सिमितिएर या चित्रकाराने सुचविली होती, अपुरा पिरॅमिड फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी १७७८ सालच्या चलनी नोटेसाठी काढला होता आणि दोहोंचा मेळ १७८२ साली विल्यम बार्टन यांनी घातला. मुद्रेसाठी नेमलेल्या पहिल्या समितीत निश्चितपणे फ्रीमेसन असे एकटे फ्रँकलिन होते आणि त्यांनी सुचविलेला देखावा वेगळाच, म्हणजे तांबडा समुद्र ओलांडणाऱ्या मोझेसचा, होता. ईश्वरी दृष्टीचे प्रतीक म्हणून डोळा त्या काळच्या ख्रिस्ती चित्रकलेत सर्वत्र आढळतो. ती लॉजची खाजगी मालमत्ता नव्हे.

सर्वांत बोलका पुरावा मात्र नकारात्मक आहे. १७८० साली पेन्सिल्व्हेनियाच्या ग्रँड लॉजने वॉशिंग्टन यांस सर्व राज्यांचे मिळून एक ग्रँड मास्टर करावे असा प्रस्ताव मांडला. तो सिद्धीस गेला नाही. तेरा राज्यांचे एक राष्ट्र झाले. परंतु त्यांच्या ग्रँड लॉजेस स्वतंत्रच राहिल्या, आणि सर्व राज्यांवर अधिकार चालविणारी ग्रँड लॉज अमेरिकेत आजतागायत नाही. जी संस्था स्वतःचे ऐक्य साधू शकली नाही, तिने राष्ट्राच्या ऐक्याचा आराखडा पुरविला असे म्हणणे कठीण आहे.

नामावळीच्या पद्धतीत केवळ तर्कदोष आहे असे नव्हे. तिची किंमत माणसांनी मोजलेली आहे. १७९७ साली फ्रान्समधील धर्मगुरू ओग्युस्तँ बार्युएल आणि एडिंबरोचे प्राध्यापक जॉन रॉबिसन या दोघांनी फ्रेंच राज्यक्रांतीस गुप्तमंडळांचा कट ठरविणारे ग्रंथ प्रसिद्ध केले. त्या परंपरेचा विसाव्या शतकातील वारसदार म्हणजे फ्रँकलिनचे चरित्रकार बर्नार फाय. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी अठराव्या शतकातील क्रांत्यांमागे फ्रीमेसनरी उभी केली. पाच वर्षांनी फ्रान्सचा पाडाव झाला. फाय राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख झाले आणि व्हिशी राजवटीच्या वतीने फ्रीमेसनांच्या याद्या तयार करण्याच्या कामाचे नेतृत्व त्यांनी केले. या याद्यांनी अनेकांच्या नोकऱ्या घेतल्या. कित्येकांची रवानगी छळछावण्यांत झाली. १९४६ साली फाय यांस जन्मठेपेची शिक्षा झाली. प्रभावाच्या संशोधनात यादी हे निरुपद्रवी साधन नसते, हे या उदाहरणावरून ध्यानी यावे.

४. विधींची उसनवारी

मग लॉजचा ठसा खरोखर उमटला तो कोठे? त्याचे उत्तर दस्तऐवजांत नसून समारंभांत आहे. नव्या प्रजासत्ताकासमोर एक व्यावहारिक अडचण होती. राजा गेला, आणि त्याच्याबरोबर राज्याभिषेक, राजचिन्हे, राजकीय मिरवणुका हे सारे गेले. अधिकृत राष्ट्रीय धर्मपीठ नसल्याने धर्मविधीही सर्वांना मान्य होण्यासारखे नव्हते. कोणत्याही एका पंथाचे नसलेले, तरीही गंभीर व देखणे असे विधी तयार स्थितीत कोणाकडे होते? ते लॉजकडे होते.

कॅपिटॉलच्या पायाभरणीत हे स्पष्ट दिसते. मेरीलँडची ग्रँड लॉज व आसपासच्या लॉजेस यांची मिरवणूक निघाली. वॉशिंग्टन यांनी फ्रीमेसनाचा एप्रन परिधान केला होता. कोनशिलेखाली एक चांदीचा पत्रा ठेवण्यात आला आणि शिलेवर धान्य, मद्य व तेल वाहण्यात आले. पत्र्यावर कोरलेल्या मजकुरात तीन प्रकारची कालगणना होती : अमेरिकन स्वातंत्र्याचे वर्ष, वॉशिंग्टन यांच्या अध्यक्षपदाचे वर्ष, आणि फ्रीमेसन गणनेनुसार ५७९३. अवघ्या काही वर्षांचे राष्ट्र स्वतःला हजारो वर्षांच्या कालरेषेवर बसवू पाहत होते. लॉजच्या पुराणकथेनुसार तिची परंपरा सॉलोमनच्या मंदिराच्या बांधकामापर्यंत व त्याही मागे जाते; नव्या राष्ट्रास हवे असलेले पुरातनत्व या पुराणकथेतून उसने घेता आले.

या देखाव्याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. प्रतीकरूप थापी अध्यक्षांच्या हाती होती. खाणीतून दगड काढण्याच्या, लाकूड कापण्याच्या व भिंती चढविण्याच्या कामावर जे मजूर होते त्यांत गुलामांची संख्या मोठी होती. त्यांची मजुरी त्यांच्या मालकांना दिली जात असे. २०१२ साली कॅपिटॉलच्या अभ्यागत केंद्रात त्यांच्या श्रमांची नोंद घेणारी शिला बसविण्यात आली. म्हणजे १७९३ साली गवंड्याच्या अवजारांना मान होता, गवंडीकाम करणाऱ्या गुलामास नव्हता. श्रमाचे रूपक आणि प्रत्यक्ष श्रम यांच्यातील हे अंतर नव्या राष्ट्राच्या मूळ विसंगतीचेच एक रूप होते.

५. प्रिन्स हॉल : दाराबाहेरचा बंधू

ही विसंगती ज्यांनी सर्वांत आधी ओळखली आणि तीवर त्याच परिभाषेतून बोट ठेवले, ती माणसे वॉशिंग्टनच्या मिरवणुकीत नव्हती. ६ मार्च १७७५ रोजी बॉस्टनमध्ये प्रिन्स हॉल आणि इतर चौदा मुक्त कृष्णवर्णीयांना फ्रीमेसनरीची दीक्षा मिळाली. ती दिली ब्रिटिश सैन्याच्या अडतिसाव्या पायदळ पलटणीशी संलग्न अशा आयरिश लॉजने. स्वातंत्र्याच्या गर्जना करणाऱ्या बॉस्टनमध्ये ‘बंधू’ हा शब्द कृष्णवर्णीयांसाठी प्रथम उच्चारला गेला तो शहर दडपण्यासाठी आलेल्या फौजेच्या लॉजमध्ये.

हॉल यांचा व्यवसाय कातडी कमावण्याचा होता. एप्रिल १७७७ मध्ये त्यांनी क्रांतिकारकांच्या तोफखान्यास ढोलांसाठी कातडी पुरविल्याचे बिल उपलब्ध आहे. त्याच वर्षी जानेवारीत मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळास गुलामांच्या मुक्ततेसाठी जो विनंतिअर्ज सादर झाला, त्यावर त्यांची सही आहे. वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध केलेला युक्तिवाद त्या अर्जाने गुलामांच्या वतीने जसाच्या तसा मांडला. विश्वाच्या महान पित्याने सर्व मानवजातीस सारखेच दिलेले स्वातंत्र्य, असा त्याचा आधार होता. जाहीरनामा प्रसिद्ध होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. या अर्जातील ईश्वरवाचक शब्दप्रयोग लॉजच्या ‘महान शिल्पकारा’शी जुळतो, परंतु त्या काळी तो सर्वसामान्य शिष्टभाषेचाही भाग होता, म्हणून एका शब्दावरून प्रभाव सिद्ध करण्याची घाई करू नये. महत्त्व आहे ते अर्जदारांच्या भूमिकेला : आम्ही दया मागत नाही, तुमच्याच वाक्याचा अर्थ विचारीत आहोत.

हॉल व त्यांचे सहकारी यांना ‘आफ्रिकन लॉज’ या नावाने एकत्र जमण्यापुरती अनुमती होती. नवे सभासद करून घेण्यास पूर्ण सनद आवश्यक होती. मॅसॅच्युसेट्समधील श्वेतवर्णीय लॉजव्यवस्थेत त्यांना स्थान मिळाले नाही. शेवटी त्यांनी लंडनच्या ग्रँड लॉजकडे अर्ज केला. सनद मंजूर झाली २९ सप्टेंबर १७८४ रोजी, आणि बॉस्टनमध्ये प्रत्यक्ष पोहोचली १७८७ मध्ये, ज्या वर्षी फिलाडेल्फियात राज्यघटना तयार होत होती. इंग्लंडच्या राजसत्तेपासून मुक्त झालेल्या नगरीतील हे नागरिक बंधुत्वाचा दाखला इंग्लंडमधून मागवीत होते.

हा दाखला केवळ मानाचा नव्हता. फेब्रुवारी १७८८ मध्ये बॉस्टनच्या बंदरात तीन मुक्त कृष्णवर्णीयांना फसवून जहाजावर नेण्यात आले आणि वेस्ट इंडीजमध्ये विकण्यासाठी पळविण्यात आले. हॉल व त्यांच्या लॉजच्या बंधूंनी २७ फेब्रुवारीस विधिमंडळाकडे अर्ज केला. २६ मार्च रोजी मॅसॅच्युसेट्सने गुलामांच्या व्यापारास व अशा अपहरणास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. पळविलेल्यांची हकिकत बॉस्टनचे धर्मोपदेशक व इतिहासकार जेरेमी बेल्कनॅप यांच्या पत्रातून कळते. तिघांपैकी एक जण फ्रीमेसन होता. सेंट बार्थोलोम्यू बेटावर ज्या व्यापाऱ्यास ते विकत देऊ करण्यात आले तोही फ्रीमेसन निघाला. ओळख पटली, हकिकत गव्हर्नरच्या कानी गेली आणि तिघे जण त्याच वर्षी बॉस्टनला परतले. येथे बंधुत्व हे रूपक उरले नाही. विक्रीच्या बाजारात ते एका माणसाच्या मुक्ततेचे साधन झाले.

६. दोन उपदेश : एक वाङ्मयप्रकार आणि त्याचे परिवर्तन

हॉल यांचे दोन छापील उपदेश वाङ्मयाच्या अभ्यासकाला विशेष विचारार्ह वाटावेत. पहिला २५ जून १७९२ रोजी चार्ल्सटाउन येथे दिलेला, दुसरा २४ जून १७९७ रोजी मेनॉटमी येथे दिलेला. दोन्हींचे शीर्षक व घाट ‘चार्ज’ या प्रकाराचा आहे, म्हणजेच अँडर्सनच्या ग्रंथातील प्रकार हॉल यांनी स्वीकारला आहे. १७९२ च्या उपदेशाची मांडणीही तीच आहे : आधी ईश्वराविषयीचे कर्तव्य, मग राज्यसत्तेशी निष्ठा व कटांपासून अलिप्तता, मग सर्व मानवांविषयीचे प्रेम.

परंतु परिचित साच्यात नवा आशय भरला जातो. लॉजची पारंपरिक वंशावळ सॉलोमन व त्याच्या शिल्पकारांपासून सुरू होते. हॉल त्या वंशावळीत आफ्रिकेला स्थान देतात. टर्टुलियन, सिप्रियन, ऑगस्टीन हे ख्रिस्ती धर्माचे आचार्य आफ्रिकेतील होते याचे ते स्मरण देतात. १७९७ च्या उपदेशात मोझेसला राज्यकारभाराचा सल्ला देणारा त्याचा सासरा जेथ्रो इथिओपियन म्हणून येतो, आणि सॉलोमनने शेबाच्या राणीचा केलेला सत्कार समतेचा दाखला म्हणून येतो. ज्या पुराणकथेतून राष्ट्राने पुरातनत्व उसने घेतले, तिच्यातूनच हॉल यांनी आपल्या लोकांची प्रतिष्ठा सिद्ध केली.

त्याच १७९७ च्या उपदेशात बॉस्टनच्या रस्त्यांवर, विशेषतः सणाच्या दिवशी, कृष्णवर्णीयांना सोसाव्या लागणाऱ्या मारहाणीचे व अपमानाचे वर्णन आहे, आणि त्याला जोडूनच फ्रेंच वेस्ट इंडीजमध्ये सहा वर्षांपूर्वी उद्भवलेल्या उठावाचा उल्लेख आहे. उपदेश धीराचा आहे. परंतु धीर धरणाऱ्यासमोर हैतीचे उदाहरण ठेवले आहे. शिक्षणाची साधने नाकारली गेलेल्या श्रोत्यांस ते सांगतात की चिंतनाचे साधन कोणी हिरावून घेऊ शकत नाही. अँडर्सनच्या उपदेशात निष्ठा व बंधुत्व ही एकमेकांस पूरक होती. हॉल यांच्या हाती तीच दोन कर्तव्ये राज्यकर्त्यांना विचारलेला प्रश्न बनतात : निष्ठा आम्ही पाळली, बंधुत्व तुम्ही केव्हा पाळणार?

या परिभाषेचा वारसा पुढे चालला. १८२९ साली गुलामगिरीविरुद्ध जहाल आवाहन प्रसिद्ध करणारे डेव्हिड वॉकर बॉस्टनच्या आफ्रिकन लॉजचे सभासद होते. मार्टिन डिलेनी यांनी १८५३ साली कृष्णवर्णीयांच्या फ्रीमेसनरीच्या वैधतेवर निबंध लिहिला. १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या खटल्यात वादी पक्षाची बाजू मांडणारे आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झालेले थर्गुड मार्शल हे प्रिन्स हॉल परंपरेतील लॉजचे सभासद होते. श्वेतवर्णीयांच्या ग्रँड लॉजेसनी मात्र या परंपरेस मान्यता देण्यास फार वेळ लावला. आजही टिकून असलेली अशी पहिली मान्यता कनेक्टिकटमध्ये १९८९ साली मिळाली, म्हणजे लंडनच्या सनदेनंतर दोनशे पाच वर्षांनी.

७. समारोप

वरील विवेचनातून भारतीय साहित्याच्या अभ्यासकास उपयुक्त असा एक पद्धतिविषयक धडा मिळतो. फ्रीमेसनरी भारतात इंग्रजांबरोबर आली आणि येथेही प्रवेशाचा प्रश्न उभा राहिला. १८४३ साली मुंबईत जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज हिंदी सभासदांसाठी काढण्यात आली. त्याच शतकात महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांस दास्यमुक्त करण्याच्या कार्यातील औदार्याबद्दल अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला, आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. समाजाने भटभिक्षुकाविना स्वतःचे विवाहविधी सिद्ध केले. फुले यांच्या लेखनातील ‘निर्मीक’ ही संकल्पना कोणत्याही एका धर्मग्रंथाच्या ताब्यात नसलेल्या, सर्वांना समान लेखणाऱ्या विश्वकर्त्याची आहे.

या साम्यांवरून फुले यांच्यावर फ्रीमेसनरीचा प्रभाव होता असे अनुमान काढणे म्हणजे नामावळीचीच चूक पुन्हा करणे होय. साम्य आहे ते परिस्थितीचे. जेथे जन्मावर आधारलेली व्यवस्था ईश्वराच्या नावाने समर्थिली जाते, तेथे तिला आव्हान देणाऱ्यास ईश्वरासाठी नवा शब्द, एकत्र येण्यासाठी नवी संस्था आणि जीवनातील प्रसंगांसाठी नवे विधी शोधावे लागतात. फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. हॉल यांनी सत्ताधाऱ्यांचीच परिभाषा उचलून तिचा अर्थ रुंदावला. फुले यांनी सत्ताधाऱ्यांच्या पुराणकथांचा अर्थ उलटा करून त्या त्यांच्यावर परतविल्या. या दोन मार्गांची तुलना व्हावयास हवी. मात्र ती उपयोगांची तुलना असावी, उगमांची नव्हे.

राष्ट्राच्या स्थापनेवरील फ्रीमेसनरीच्या प्रभावाविषयी मग शेवटी काय म्हणता येते? तिने राष्ट्र स्थापिले नाही. स्थापनेच्या क्षणी ज्यांच्यापाशी विधी नव्हते त्यांना तिने विधी दिले, आणि ज्यांच्यापाशी अधिकार नव्हते त्यांना अधिकार मागण्याची भाषा दिली. पहिली देणगी कॅपिटॉलच्या पायात चांदीच्या पत्र्यावर कोरलेली होती. हा मूळ पत्रा शोध घेऊनही अद्याप हाती लागलेला नाही. दुसरी देणगी एका कातडी कमावणाऱ्याच्या अर्जांत व उपदेशांत छापील स्वरूपात शिल्लक आहे, आणि ती आजही वाचता येते.